गोमंतकातील जुनी घरे

चोर्ल्याचा घाट उतरून बेळगावचा प्रवासी साखळीच्या दिशेने येऊ लागला, की गोव्याचा समुद्र काही त्याला लगेच दिसत नाही. प्रथम दिसतात ती झाडांच्या आड दडलेली उतरती कौले. माडापोफळीचे कुळागर, मध्येच एखादे भातशेत आणि शेताच्या कडेला, रस्त्यापासून थोडे उंचावर, ऐसपैस पसरलेले एखादे घर. गाडी पुढे निघून जाते. पणजीस पोचल्यावर हाच प्रवासी फोंताइन्यास या जुन्या वस्तीतून हिंडतो, निळ्यापिवळ्या भिंतींपुढे उभा राहून छायाचित्रे घेतो आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यांना सांगतो, की गोव्यातील पोर्तुगीज घरे मोठी देखणी आहेत.

ती देखणी आहेत यात शंका नाही. परंतु ती पोर्तुगीज आहेत काय, हे एकदा तपासून पाहावयास हवे. कारण घराला चुकीचे नाव दिले, की त्यात पाहावयाचे तेही चुकते. ही घरे ज्यांनी बांधविली ते बहुतांशी गोमंतकीय भाटकार, व्यापारी, वकील आणि वैद्य होते. चिरे बसविणारे गवंडी इथलेच, लाकूड कोरणारे चारी इथलेच, चुना मळणारे हातही इथलेच. उलट खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ साली जुने गोवे सोडून पणजीस राहावयास आले, ते आदिलशहाच्या जुन्या वाड्यात! त्यांनी तो आपल्या सोयीने बदलून घेतला ही गोष्ट वेगळी. खिडकीची कमान, नक्षीचा एखादा वेल, दिवाणखान्यातील खुर्चीची पाठ, अशा गोष्टी युरोपातून आल्या, हे कोणी नाकारणार नाही. पण घराचा पिंड या मातीचा आहे, आणि त्याहूनही अधिक म्हणजे तो या पावसाचा आहे.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. म्हणजे जुन्या मापाने १२० इंचांच्या आसपास. त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. इथले घर समजून घ्यावयाचे असेल, तर ते आषाढात पाहावे. जोते एवढे उंच का, पायऱ्या इतक्या का, छपराचा उतार इतका तीव्र का आणि त्याच्या वळचणीने भिंतीपुढे एवढे डोके का काढले आहे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या धारांतच मिळतात. भिंत चिऱ्याची. हा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि वाऱ्याउन्हात राहून कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवा, आणि त्या गिलाव्यावर दरवर्षी किंवा एक वर्षाआड पुन्हा चुन्याचा हात हवा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आत शिरलेली ओल हळूहळू बाहेर पडते. अलीकडे सिमेंटचा पक्का गिलावा करून हे काम कायमचे संपविण्याची हौस पुष्कळांस असते. ओल मग आतल्या आत कोंडते आणि दोनचार पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटतो. जुने गवंडी अशा भिंतीकडे पाहून नुसते हसतात.

कौलांचीही एक कथा आहे. पूर्वी सर्वत्र कुंभाराच्या हातची नळीची कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती सपाट, एकमेकांत गुंतणारी कौले किनाऱ्याने उत्तरेकडे आली. आज ज्या छपराला आपण खास गोव्याचे समजतो ते पुष्कळदा मंगळूरचे असते. गावाचा चेहरा असा बाहेरच्या वस्तूंनी घडतो आणि दोन पिढ्यांत ती वस्तू गावची होऊन बसते. यात वाईट वाटण्याजोगे काही नाही.

आता घराच्या आत जाऊ. गोव्याचे दोन भाग इतिहासाने पाडले. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे प्रदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे, सत्तरी, फोंडा, काणकोण हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्या नव्या काबिजादी. तोपर्यंत धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे हिंदूंची मोठी घरे प्रामुख्याने नव्या काबिजादींत आणि ख्रिस्ती कुटुंबांची मोठी घरे जुन्या काबिजादींत, अशी साधारण वाटणी दिसते.

हिंदू घर बाहेरून पाहणाऱ्याला फारसे काही सांगत नाही. फोंडा महालातील एखाद्या जुन्या घरापुढे उभे राहिले, तर लांब भिंत, मोजक्या खिडक्या आणि ओसरी एवढेच दिसते. घराचे सारे वैभव आत, राजांगणात असते. पुण्याचा, इंदूरचा वा बडोद्याचा वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना चौक माहीत आहे. राजांगण हा त्याचाच कोकणी भाऊ. चारी बाजूंनी खांबांची पडवी, मध्ये आकाशाला उघडा चौकोन आणि त्यात तुळशीवृंदावन. चारही छपरांचे पाणी याच चौकोनात उतरते. पावसाच्या दिवसांत तुळशीभोवती चार बाजूंनी पाण्याचे पडदे लागतात आणि त्या आवाजात पडवीत बसलेली माणसे एकमेकांशी मोठ्याने बोलतात. या चौकोनाभोवती देवघर, माजघर, कोठीची खोली, बाळंतिणीची अंधारी, उबदार खोली आणि सर्वांत मागे स्वयंपाकघर. घरात कोणी कोठवर यावे, याचा सारा शिष्टाचार या रचनेतच लिहिलेला असे. परका ओसरीवर थांबे, परिचित पडवीपर्यंत येई, आणि माजघराचा उंबरा सोयरेच ओलांडीत. या मर्यादांत जातीपातीचा काचही होता आणि घरातल्या सुनेला राजांगणावरचे आकाश तेवढेच आपले असे, हेही विसरून चालणार नाही. घर सुंदर होते म्हणून त्यातील सगळे जगणे सुंदर होते असे मानण्याचे कारण नाही.

पेडण्याच्या देशप्रभूंचा वाडा हा या पद्धतीचा सर्वांत विस्तारलेला नमुना. एकामागून एक चौक वाढत गेले आणि घराचे गावच झाले. पोर्तुगालच्या राजाने या घराण्याला व्हिस्कोंद हा किताब दिला होता. वाड्याचा दर्शनी भाग त्या किताबाला शोभेसा युरोपीय थाटाचा आहे. आत गेले की चौक आणि तुळस.

ख्रिस्ती घराची गोष्ट निराळ्या वळणाने गेली. सुरुवातीच्या काळात तेही घर अंगणाभोवतीच बांधले जाई. सासष्टीतल्या काही जुन्या घरांत ते आतले अंगण अजून शाबूत आहे. पुढे मात्र घराने तोंड फिरविले. १७६१ साली, पोंबाल याच्या कारकीर्दीत, पोर्तुगालच्या राजाने आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क देणारे फर्मान काढले. ते अंमलात यावयास आणखी तेरा वर्षे लागली हे खरे. पण त्यानंतर स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना मानाच्या जागा मिळू लागल्या, हाती पैसा खेळू लागला. एकोणिसाव्या शतकात मुंबई, कराची, मोझांबिक, पूर्व आफ्रिका येथून मनीऑर्डरी येऊ लागल्या. जे घर आत पाहत होते ते रस्त्याकडे पाहू लागले. खिडक्या वाढल्या, त्यांच्यापुढे लोखंडी कठड्याचे सज्जे आले, पाहुण्यांसाठी मोठी साल आली, नाचासाठी गुळगुळीत लाकडी जमीन आली.

आणि पुढच्या दारी बाल्कांव आला. पायऱ्या चढून गेल्यावर छोटे चौकोनी छत, त्याखाली समोरासमोर बांधलेली दोन दगडी बाके. या बाकाला कोकणीत सोपो म्हणतात. देशावरच्या घरातील सोपा आणि हा सोपो कानाला तरी सख्खे वाटतात. पोर्तुगालात असा बाल्कांव शोधून सापडणार नाही. संध्याकाळी घरची वडील मंडळी येथे बसत. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून कोठे चाललात, कोणाचे कोण, मासळी काय भावाने मिळाली, हे विचारीत. घराच्या उंबऱ्याबाहेर पण घराच्या छपराखाली अशी ही जागा. कोणाला आत न घेताही आपुलकीने बसविण्याची ही युक्ती ज्या कोणा गवंड्याला वा यजमानाला प्रथम सुचली, त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही.

इतके असूनही दोन्ही घरांची आतली नाळ तुटलेली नाही. ख्रिस्ती घरातील ओरातोर पाहावे. भिंतीतल्या कोरीव लाकडी कपाटात क्रूस आणि संतांच्या मूर्ती, पुढे समई नसली तरी तेवत असलेली वात. त्या कपाटावरची पाने, कळ्या आणि मोर कोरणारा हात देव्हारा कोरणाऱ्या हातापासून वेगळा काढता येणार नाही. पुष्कळदा तो एकच हात असे. मे महिन्यात ओरातोरापुढे लदीन, म्हणजे आळवणीची प्रार्थना, गाण्यासाठी सारा वाडा जमतो. भाद्रपदात हिंदू घरात माटोळीखाली गणपती बसतो. रानातली फळे, फुले, वेली टांगलेल्या त्या चौकटीखाली मुंबईपासून बेळगावपर्यंत पांगलेले सारे कुटुंब येऊन बसते. कारण गणपती मूळ घरीच आणावयाचा, असा रिवाज आहे. वर्षभर बंद असलेले कित्येक घर या पाचसात दिवसांपुरते उघडते.

एका गोष्टीकडे मात्र विशेष थांबून पाहिले पाहिजे, ती म्हणजे शिंपल्यांची खिडकी. काच महाग होती त्या काळात खाडीच्या चिखलात मिळणारे एक चपटे, अर्धपारदर्शक शिंपले गोलाई छाटून चौकोनी करीत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने सरकवून खिडकीची तावदाने बनवीत. झुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत असे शिंपले आढळतात. या तावदानातून बाहेरचे काही दिसत नाही; फक्त उजेड येतो, आणि तोही असा गाळून, की दुपारी दोनचे ऊन पहाटेच्या उजेडासारखे मऊ होऊन जमिनीवर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला आत कोण आहे ते कळत नाही, आतल्याला उन्हाचा त्रास नाही, आणि पावसात दार लावून घेतले तरी खोली काळोखी होत नाही. एखादे शिंपले फुटले तर तेवढेच काढून दुसरे सरकवावे. आज ही शिंपली सहजी मिळत नाहीत आणि ती कापून बसविणारे कारागीरही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. त्यामुळे एक तावदान फुटले की पुष्कळ ठिकाणी सबंध खिडकीच जाते आणि तिच्या जागी सरकती काच येते.

या घरांत सर्वांत मोठे नाव चांदोरच्या ब्रागांझा घराचे. चांदोर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर. गावच्या चौकाला लागून असलेल्या या घराची दर्शनी भिंत एका नजरेत मावत नाही. आत मात्र दोन घरे आहेत, एकाच घराण्याच्या दोन शाखांची, मधल्या जिन्यापासून दोन्हीकडे वाटलेली. एका बाजूच्या खाजगी प्रार्थनामंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांचे नख जपून ठेवले आहे. दुसरी बाजू लुईस द मेनेझेस ब्रागांझा यांची. १८७८ साली याच गावी जन्मलेले हे पत्रकार. १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. पुढे त्यांनी ‘ओ देबाते’ आणि ‘प्रकाश’ ही पत्रे काढली. आणि १९३० साली गोव्याच्या विधिमंडळात उभे राहून गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. चिनी फुलदाण्या आणि झुंबरे पाहण्यासाठी लोक त्या घरी जातात. त्यांनी थोडा वेळ पुस्तकांच्या कपाटांपुढेही उभे राहावे. सुमारे पाच हजार ग्रंथांचा तो संग्रह आहे, आणि परक्या सत्तेला तिच्याच भाषेत जाब विचारण्याची तयारी अशा कपाटांच्या सावलीत झाली.

पणजीत आदिलशहाच्या वाड्याला लागून म्हामाय कामतांचे घर आहे. त्याचे वैभव आणखी निराळे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या कुटुंबाचा व्यापार समुद्रापार चाले. त्या व्यवहाराची हजारो कागदपत्रे, पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी, गुजराती अशा नाना भाषांतली, या घरात पिढ्यानपिढ्या पडून होती. ती पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेली आणि हिंदी महासागरातील व्यापाराचा अभ्यास करणारे आज ती उलगडून पाहतात. घर नीट शाकारलेले होते म्हणून हे कागद वाचले. छप्पर एक पावसाळा जरी गळते राहिले असते, तरी त्यांचा लगदा झाला असता.

आणि आज नेमकी तीच चिंता आहे. मोठी घरे भातशेतीच्या आणि माडांच्या उत्पन्नावर उभी होती आणि ते उत्पन्न कुळांच्या व मुंडकारांच्या घामातून येत असे. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहिलेल्या माणसाला त्यामुळे हक्काची जागा मिळाली. ते न्यायाचेच झाले. परंतु वीस खोल्यांचे छप्पर शाकारण्याचा पैसा ज्या वाटेने येत होता ती वाट बंद झाली, हेही तितकेच खरे.

दुसरी अडचण वारशाची. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या परंपरेनुसार मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो, आणि पतिपत्नींची मालमत्ता साधारणतः सामाईक धरली जाते. स्त्रियांच्या बाबतीत हा कायदा उर्वरित हिंदुस्थानच्या पुष्कळ पुढे होता, याबद्दल गोमंतकीयांना योग्य तो अभिमान आहे. पण घराची गोष्ट काढली म्हणजे गणित अवघड होते. आजोबांच्या नावावरचे घर. त्यांची आठ मुले. त्या आठांचे जोडीदार. विकावयाचे वा गहाण ठेवावयाचे तर सोळा सह्या. पुढच्या पिढीत त्या चाळीस होतात, आणि सही करणारे लिस्बनला, टोरांटोला, लंडनला आणि दुबईला असतात. एकाने नकार दिला, की दाराला कुलूप. कोणी खर्च करावयास धजत नाही, कारण घर एकट्याचे नाही. आणि कोणी सोडावयास तयार नाही, कारण त्यात आपला वाटा आहे. लोटलीपासून साळगावपर्यंत अशी कुलुपे लागलेली घरे रस्तोरस्ती दिसतात. वाळवी, वटवाघळे आणि पिंपळाचे रोप यांना वाटणीपत्र लागत नाही.

जी विकली जातात त्यांचे काय होते? काही भाग्यवान असतात. केप्याला कुशावतीच्या काठी, चर्चसमोर, १७८७ साली धर्माधिकारी जुझे पावलू द आल्मैद यांनी बांधलेला वाडा पडीक झाला होता. या शतकाच्या आरंभी एका दांपत्याने तो घेतला, जुनी चित्रे आणि खुणा ताडून पाहत बागेसह पूर्ववत केला, आणि आज तेथे येणाऱ्याला शिंपल्यांच्या खिडकीतून गाळलेला उजेड पाहावयास मिळतो. बारदेशात तोर्डा येथे वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्हा यांनी केवळ गोव्याच्या घरांचे असे एक संग्रहालय, गलबताच्या आकाराच्या इमारतीत, उभे केले आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी ‘पोर्तुगीज व्हिला’ म्हणून जाहिरात होते, दर्शनी भिंत तेवढी रंगवून ठेवतात, आणि आतले राजांगण वा ओरातोर काढून तेथे पोहण्याचा तलाव नाहीतर गार हवेच्या खोल्या होतात. नावातली चूक ही अशी महागात पडते. पोर्तुगीज म्हणून विकत घेणाऱ्याला दर्शनी भाग पुरतो. बाकीचे घर त्याच्या लेखी जागाच असते.

रिकामे घर भराभर का खचते, हे कोणत्याही कौलकाऱ्याला विचारावे. घरात चूल पेटत असली तर तिचा धूर वाशांना लागतो आणि किडीला दूर ठेवतो. माणसे वावरत असली तर गळती पहिल्याच सरीत कळते. कोणीतरी उठून खाली घंगाळ ठेवते आणि सकाळी एक कौल सरळ होते. बंद घरात तेच कौल वाकडे राहते. पहिल्या वर्षी वासा भिजतो, तिसऱ्या वर्षी तो कुजतो, पाचव्या वर्षी छपराचा तेवढा कोपरा बसतो आणि त्याखालची भिंत उघड्यावर येते. मग मातीला फार वेळ लागत नाही.

म्हणून अजूनही पुष्कळ गावांत एक व्यवस्था आहे, कोठे लिहिलेली नसलेली. घराची मंडळी परदेशी असतात. किल्ली शेजारच्या घरात खुंटीला असते. ती सांभाळणारी बहुधा एखादी वृद्ध शेजारीण असते, कधी ख्रिस्ती घराची किल्ली हिंदू घरी, कधी उलट. मे महिन्याच्या मध्यावर कौले परतणारा माणूस शिडी खांद्यावर घेऊन येतो. शेजारीण कुलूप काढते, खिडक्या उघडून एक दिवसाचे वारे आत सोडते, ओरातोरावरची वा देव्हाऱ्यावरची धूळ पदराने पुसते. दिवसभर वर कौलांचा आवाज चाललेला असतो. संध्याकाळी तो खाली उतरतो, फुटक्या कौलांची रास अंगणात मोजतो आणि किती नवी लागली ते सांगतो. ती आकडा मनात धरून खिडक्या लावते, कुलूप घालते आणि किल्ली परत खुंटीला अडकविते. पैशाचा निरोप त्या रात्री टेलिफोनवरून लिस्बनला जातो.